देवघरातली चावी

गाडी बंद पडली की माणूस आधी मेकॅनिककडे जातो, मग मेहुण्याच्या ओळखीतल्या कुणाकडे तरी, आणि सगळे हरले की माझ्याकडे येतो. मी गाड्यांचं वायरिंग करणारा. चाळीस वर्षं सोलापुरात हा धंदा केला. त्यात एक गोष्ट कळली, की इंजिन बिघडलं तर लोक कंपनीला शिव्या देतात आणि वायरिंग बिघडलं तर भावकीला. करंट डोळ्यांना दिसत नाही ना. जे दिसत नाही त्यात करणी, नजर, साडेसाती सगळं मावतं.

बार्शीकडचे एक बागायतदार जीप घेऊन आले होते. म्हणाले, "डावीकडं वळलं की हॉर्न वाजतोय."

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्सं झाली की."

"मग दोन वर्षं काय केलंत?"

"डावीकडं वळलोच न्हाय."

डावीकडे जायचं असलं तर हे गृहस्थ तीन वेळा उजवीकडे वळायचे. गावात तेवढे रस्ते होते हे नशीब. स्टिअरिंगखालच्या एका वायरचं साल निघालं होतं आणि ती दांड्याला घासत होती. पाच मिनिटांचं काम. पण गाडी नीट झाल्यावर पाहुण्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, "आता वळताना म्हसरं बाजूला कशी व्हायची?"

अशी गिऱ्हाइकं सांगत बसलो तर दिवाळी संपेल आणि फराळही. म्हणून एकच गाडी सांगतो. त्या गाडीत माझी चूक होती, आणि ती चूक झाली नसती तर सांगण्यासारखं काहीच घडलं नसतं.

बिराजदार सरांनी मला नववीत विज्ञान शिकवलं. आमच्या घरात हातमाग होता, घरी तेलुगू बोलायचो. शाळेतलं मराठी निम्मं डोक्यावरून जायचं, पण सरांचा विजेचा धडा तेवढा नीट आत गेला. वडिलांना वाटायचं पोरगा मागावर बसेल. माग राहिला नाही, पण हजार धाग्यांत तुटलेला एक धागा शोधायची सवय राहिली, आणि तीच पुढे वायरिंगमध्ये पोटाला लागली.

सर निवृत्त होऊन जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत राहायला गेले, ते वडिलांची जुनी गाडी घेऊनच. गोल पाठीची, नाक पुढे काढलेली. आमच्याकडे त्या गाडीला सगळे डुक्कर गाडी म्हणतात. सरांना ते नाव अजिबात आवडत नाही. काकूंना फार आवडतं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, माहेर अक्कलकोट. "आमचं डुक्कर अंगणात बसून असतं बघ," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. इंजिन कधीच जाम झालं होतं आणि गाडीच्या टपावर पापड वाळत असायचे.

एके दिवशी सरांनी मला आणि रशीदभाईंना घरी बोलावलं. रशीदभाई माझे दुकानशेजारी, इंजिनाचे मेकॅनिक. इंजिन ते बसवणार आणि त्यात जीव मी घालणार, अशी आमची तीस वर्षांची वाटणी.

"श्रीनिवास," सर म्हणाले, "या गाडीत नवं इंजिन बसवायचं. फ्युएल इंजेक्शनचं. बाहेरून गाडी होती तशी दिसली पाहिजे. डॅशबोर्डवर एकही नवा दिवा लुकलुकता कामा नये. आणि लिंबू, मिरची, देव यांतलं काही गाडीत असणार नाही. गाडी पेट्रोलवर चालते."

"पण सर, आताच का?"

उत्तर काकूंनी दिलं. चहाचा ट्रे ठेवला, खुर्ची ओढली आणि पन्नास वर्षांपूर्वीची वरात सांगायला घेतली. अक्कलकोटहून याच गाडीतून नवरी सोलापूरला निघाली. वैशाखाचं ऊन. गाडी सात वेळा बंद पडली. सातव्यांदा कुंभारीजवळ पडली ती उठलीच नाही. शेवटी शेजारून जाणाऱ्या कडब्याच्या बैलगाडीत नवरीला बसवलं.

"माप ओलांडताना शालूतून कडबा गळत होता," काकू म्हणाल्या. "सासूबाई म्हणाल्या, पोरा, नवरी आणली का गंजी?"

सर मुकाट्याने उठले आणि कपाटातून एक जुनी वही काढून आणली. विज्ञानाच्या जर्नलसारखी आखलेली. गाडीची प्रत्येक कुरबूर त्यात टिपलेली होती. लग्नाच्या तारखेखाली लिहिलं होतं: थांबा क्र. १, प्लग काळे. थांबा क्र. २, पेट्रोलमध्ये कचरा. असं करत थांबा क्र. ७, कुंभारीजवळ, दोन तास, कारण कॉईल तापली. लग्नाच्या दिवसाची एवढीच नोंद. "दोष माझा नव्हता, कॉईलचा होता," सर म्हणाले.

"बघ," काकू म्हणाल्या, "यात मी कुठं आहे सांग."

मी वही पुन्हा चाळली. काकू कुठंच नव्हत्या.

तर करार असा होता. लग्नाला पन्नास वर्षं होतील त्या दिवशी सर काकूंना याच गाडीतून अक्कलकोटला नेणार आणि परत आणणार. गाडी कुठंही बंद पडली नाही तर ती अंगणात राहील. पडली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईल आणि त्या जागी काकू कढीपत्ता लावतील. भंगारवाल्याला त्यांनी सांगूनही ठेवलं होतं.

आता हे काम म्हणजे काय ते थोडं सांगतो. जुन्या गाडीत वायरी मोजून वीस-पंचवीस. कार्बोरेटर आपला पेट्रोल ओढून घेतो, ठिणगी वेळेवर पडली की गाडी चालते. नव्या इंजिनात वहीएवढा एक बंद डबा असतो, त्याला आम्ही ईसीएम म्हणतो. हवा किती आली, पाणी किती तापलं, पाय किती दाबला हे सेन्सर त्याला कळवत राहतात आणि किती पेट्रोल फवारायचं ते हा ठरवतो. त्यामुळे नुसतं इंजिन उचलून बसवता येत नाही. ज्या गाडीतून ते काढलं तिचं सगळं वायरिंग सोबत आणावं लागतं, आणि डब्याला पटवावं लागतं की बाबा, तू तुझ्याच घरात आहेस. एखादी वायर कमी दिसली तरी त्याला संशय येतो. त्याला फसवणं हा माझा धंदा.

इंजिन भंगारातून मिळालं. माळशिरसकडची एक दुधाची व्हॅन होती. उभी असताना तिच्यावर उसाचा ट्रेलर कलंडला. आत कुणी नव्हतं. टप पार चेपला, पण इंजिन सीटखाली असल्यामुळे शाबूत राहिलं. मी वायरिंगचा संच न कापता उतरवून घेतला. "सगळं आलं ना?" सरांनी विचारलं. "सगळं आलं," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. ती माझी चूक.

आरटीओची परवानगी सरांनी स्वतः काढली. तिथल्या एका साहेबांना त्यांनी कधीकाळी बाकावर उभं केलं होतं. त्यामुळे कागद होणार की राहणार याची आम्हाला धास्ती होती. पण साहेब नियमानं वागले, आणि सर समोर होते तोवर खुर्चीत बसले नाहीत.

दोन महिने काम चाललं. रशीदभाईंनी इंजिन बसवलं आणि हात पुसत म्हणाले, "सिनूभाई, मेरा हो गया. अब तू अपनी सुतळ्या बांध." मी माझ्या घरी ओसरीवर वायरी पसरून एकेकीला चिठ्ठी बांधली. बायको म्हणाली, मामंजींचा माग परत आला म्हणायचं. मध्ये दोन दिवस फुकट गेले. सरांनी हौसेनं गाडी आतून-बाहेरून, खिळ्याखिळ्यापर्यंत रंगवली होती. गाडीत करंट परत जातो तो पत्र्यातून, त्याला आम्ही अर्थ म्हणतो. रंगातून तो जात नाही. मी पॉलिश पेपर घेऊन नवा रंग खरवडायला लागलो तेव्हा सर घरात निघून गेले आणि काकू खुर्ची घेऊन बाहेर आल्या.

लग्नाच्या वाढदिवसाला सहा दिवस राहिले असताना सगळं जोडून झालं. सरांनी जुन्याच स्विचमध्ये जुनीच चावी फिरवली. सेल्फ जोरात फिरला. इंजिन लागलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच. मी सरांसाठी नवे दिवे पुढच्या खणात, झाकणाच्या आत लपवले होते. खण उघडला तर चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत होता.

तेव्हा माझी चूक मला कळली. नव्या गाड्यांच्या चावीत तांदळाएवढी एक चिप असते. स्विचभोवती तारेचं एक कडं असतं, ते त्या चिपला ओळख विचारतं. ओळख पटली नाही तर डबा ठिणगी देत नाही, चोरी होऊ नये म्हणून. ते कडं मी स्वतः उतरवून घेतलं होतं. चावी मागायचं मात्र विसरलो. व्हॅन विकणारा भंगारवाला म्हणाला होता, "चावी कशाला, स्क्रू ड्रायव्हर हाय की." मीही हसलो होतो. डबा बाहेरगावी पाठवून कुलूप काढून आणायचं तर पंधरा दिवस.

मला वाटलं सर रागावतील. पण त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी मला अंगणातच चुंबकीय क्षेत्राचा धडा पुन्हा शिकवला, चिपला स्वतःची बॅटरी नसून कड्यातूनच ताकद मिळते हे समजावलं, आणि वहीत आकृती काढली. आकृतीचं नाव लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की गाडी बंद आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रशीदभाईंच्या गाडीतून व्हॅनवाल्याचा पत्ता शोधत माळशिरसच्या पुढे एका वस्तीवर गेलो. मालक संपत, भला माणूस. एक चावी विहिरीची मोटार काढताना खिशातून पाण्यात पडली होती. "दुसरी हाय," तो म्हणाला, "पन ती आईकडं हाय." आणि तो आमच्याकडे जरा दयेनं बघायला लागला.

आई म्हणजे आक्का. पंचाहत्तरीच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी आम्हाला देवघरासमोर नेलं. तिथं ताम्हनात अंगठ्याएवढा पितळी गणपती होता आणि त्याच्या गळ्यात लाल दोऱ्यानं बांधलेली व्हॅनची चावी. चावीला हळदकुंकू लावलेलं.

"चावी न्यायला आलाय व्हय?" आक्का म्हणाल्या. "ती न्हाय मिळायची."

रशीदभाई म्हणाले, "आक्का, गाडीच नाही राहिली. चावी ठेवून काय करणार?"

"गाडी उसाखाली गेली, तिचा काय दोष? आट वर्सं दूध वाहिलं तिनं. दोन पोरींची लग्नं झाली तिच्यावर. घरात आलेली पयली गाडी ती. लक्ष्मी हाय. आसं कुनी बी यावं आन् घिऊन जावं?"

सर पुढे झाले. चाळीस मुलांच्या वर्गासमोर उभं राहावं तसे. "हे बघा बाई, हा श्रद्धेचा प्रश्न नाही. त्या चावीत एक चिप आहे."

"म्हंजी तुमी बी म्हनतासा, तिच्यात कायतरी हाय."

"आहे."

"डोळ्याला दिसत न्हाय."

"नाही दिसत."

"पन तिच्याबिगर गाडी चालत न्हाय."

"नाही चालत."

"मग मी आट वर्सं येगळं काय म्हनतेय?"

नववीच्या वर्गात सरांना निरुत्तर करावं हे आमचं स्वप्न होतं. ते डोळ्यांदेखत पूर्ण झालं, पण हसायची सोय नव्हती. रशीदभाई खोकल्याचं निमित्त करून अंगणात गेले.

मग मीच सगळं सांगितलं. वरात, सात थांबे, कडबा, गंजी, भंगारवाला, कढीपत्ता. आक्का पदर तोंडाला लावून ऐकत राहिल्या. गंजीला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून की रडून ते कळलं नाही. मग त्यांनी गणपती चावीसकट उचलला.

"नेवा. पन शबूद द्या. खुंटीला लावायची न्हाय, खिशात घालायची न्हाय. दोगं संगं ऱ्हात्यात, संगंच ऱ्हाऊ द्यायचं. जितं चावी तितं द्येव."

मी सरांकडे बघितलं. या माणसानं घराच्या वास्तुशांतीलासुद्धा नारळ फोडला नव्हता. पण दिलेला शब्द मोडलेलाही मी कधी पाहिला नव्हता. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दिला," ते म्हणाले.

"चावीला हात लावून म्हना."

सरांनी चावीला हात लावला. त्यांच्या बोटाला हळद लागली. मोहोळला चहा पिताना हळूच म्हणाले, "श्रीनिवास, पुढच्या खणात बसेल ना तो? झाकण लावलं की दिसणार नाही असा?"

बसवायला गेलो तर नवाच घोळ. फिरवायला जुनी चावी होतीच, म्हणून तारेचं कडं मी खणात आणलं, ही चावी त्यात ठेवली, वर गणपती ठेवला, आणि इंजिन लागेना. गणपती बाजूला केला की लागायचं. पितळ अगदी जवळ आलं की कड्याला चिपचं बोलणं ऐकू येत नाही. सर आनंदानं टाळी वाजवणार होते. "बघ, देव काढला की गाडी सुरू होते. लिहून ठेव." पण शब्द दिलेला होता. दोघांना एकत्र ठेवायचं आणि दोघांत दोन बोटं अंतरही ठेवायचं, आणि मध्ये लाकूड हवं, धातू नको.

माझ्या हत्यारांच्या पेटीत वडिलांचा धोटा होता. मागावर आडवा धागा घेऊन पळतो तो, लाकडी, होडीच्या आकाराचा. शकुनाचा म्हणून इतकी वर्षं जवळ ठेवला होता. त्याच्या पोटात धाग्याची कांडी बसायची खोबण असते. त्या खोबणीत चावी तंतोतंत बसली. दोन्ही टोकांचं लोखंड कापून टाकावं लागलं. करवत लावताना मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पेटीत पडून राहण्यापेक्षा बरं, असं म्हणून कापला. खोबणीत चावी, भोवती कडं, वर लाकडाच्या चौथऱ्यावर गणपती, आणि दोघांना बांधणारा आक्कांचा लाल दोरा.

सेल्फ मारला. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं, आणि इतक्या हलक्या आवाजात, की रशीदभाईंनी बॉनेटला कान लावून खात्री केली. म्हणाले, "हौ, चालू है."

मग सरांनी प्रयोग केला. गणपती उचलला, दोऱ्यामागून चावी आली, गाडी सुरू होईना. परत ठेवला, सुरू. दहा वेळा केलं. वहीत लिहिलं: निरीक्षण, देव जागेवर असता गाडी सुरू होते, नसता होत नाही. अनुमान, आणि पुढे जागा कोरी सोडली. ती जागा आजही कोरी आहे.

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. नंतर मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "हा काढला की गाडी खरंच चालू होत नाही?"

"नाही काकू. कितीही सेल्फ मारा."

"बरं," काकू म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी काकू लग्नातला शालू नेसून आल्या. हातात शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा डबा, पाण्याच्या बाटल्या, आणि एक जाड दोर. "हा कशाला?" सरांनी विचारलं. "ओढायला," काकू म्हणाल्या. मला आणि रशीदभाईंना त्यांनी मागे बसवलं. "ढकलायला माणसं लागतात," त्या म्हणाल्या. मग खण उघडून त्यांनी गणपतीला हळदकुंकू वाहिलं. तेवढा वेळ सर आरशात भांग बघत होते.

जाताना गाडी लोण्यासारखी गेली. कुंभारी मागं पडली, वळसंग मागं पडलं. एकेक जागा आली की काकू बोट दाखवायच्या. "इथं पाचव्यांदा. तिथं चौथ्यांदा, त्या विहिरीपाशी." सर सरळ समोर बघत गाडी हाकत होते आणि त्यांचे कान लाल होत चालले होते. माहेरी जेवणं झाली. भाच्यांनी गाडीसोबत फोटो काढले. रशीदभाईंनी चौथी पुरणपोळी नको म्हणताना "बस, बस" म्हटलं, आणि काकूंच्या वहिनींनी "साकु म्हणायचं, साकु" असं कानडी शिकवून पाचवी वाढली.

दुपारी तीनला परत निघालो. ऊन असं, की डांबर चमकत होतं. कुंभारी जवळ आली तशी सरांची पाठ ताठ झाली. आता हा एकच थांबा राहिला होता, सातवा.

"जरा थांबवा," काकू म्हणाल्या.

"थांबवायची नाही. करार आहे."

"मी सांगतेय. आपण थांबलो होतो ते लिंबाचं झाड बघायचंय मला. हा थांबा धरणार नाही."

सरांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. आम्ही तिघं उतरलो. पाय मोकळे केले, झाड तेच का दुसरं यावर चर्चा केली. काकू गाडीतच बसून होत्या. परत येऊन सरांनी स्विचमधली जुनी चावी फिरवली. सेल्फ फिरला. इंजिन लागलं नाही.

पुन्हा मारला. लागलं नाही.

सरांचा चेहरा पांढरा पडला. रशीदभाई बॉनेटखाली गेले. मी फ्यूज काढून बघितले, रिले बदलला, वायरींचे कपलर एकेक दाबून पाहिले. पंप वाजत होता, ठिणगी नव्हती. तिथंच कळायला हवं होतं. पण चावीचं काम माझ्या हातचं, धोट्यात बसवलेलं. तिथं दोष असेल हे मनात कसं येणार? आणि खणासमोर काकू बसलेल्या. त्यांना कोण सरका म्हणणार? आम्ही तिघं इंजिनात डोकी घालून भांडत होतो. रशीदभाई म्हणत होते वायरिंग, मी म्हणत होतो इंजिन, आणि सर वहीत वेळ टिपत होते.

मग वहीत सरांना लग्नाच्या दिवसाचं पान लागलं असावं, कारण ते एकदम थबकले. वहीकडे बघितलं, मग काचेतून आत बघितलं. आत काकू बसल्या होत्या. शालू अंगाला चिकटलेला, कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलेलं, नजर समोर. सर वही बॉनेटवर ठेवून बाटली घेऊन त्यांच्या बाजूच्या दाराशी गेले.

"पाणी घे," ते म्हणाले. "किती तापलंय आत. उतर, झाडाखाली बस. गाडीचं बघू नंतर. नाही लागली तर नाही लागली."

काकू पाणी प्यायल्या, निम्मी बाटली. मग त्यांनी उजव्या हाताची मूठ उघडली. तळहातावर गणपती होता आणि लाल दोऱ्याला लोंबणारी चावी.

मी डोक्याला हात लावला. रशीदभाई म्हणाले, "या अल्ला," आणि तिथंच मातीत बसले.

"त्या दिवशी दोन तास मी हितंच बसले होते," काकू म्हणाल्या. "तुम्ही सात वेळा बॉनेट उघडलंत. एकदासुद्धा मागं वळून विचारलं नाहीत, पाणी हवं का म्हणून. गाडी बंद पडल्याचं मला कधीच काही नव्हतं. गाड्या पडतातच बंद."

सरांनी बाटलीचं झाकण लावलं, परत उघडलं, परत लावलं. मला हसू येत होतं, ते मध्येच थांबलं. चाळीस वर्षं मीही गिऱ्हाईक आलं की आधी बॉनेटच उघडलं. आत कोण बसलंय हे मी किती वेळा बघितलं असेल? त्या दिवसापासून दुकानाबाहेर माठ ठेवलाय.

शेवटी सर म्हणाले, "म्हणजे गेली वीस मिनिटं तू..."

"सतरा," काकू म्हणाल्या. "मी दोन तास बसणार होते. लवकर सुटलात."

त्यांनी गणपती धोट्यावर ठेवला, चावी खोबणीत सारली, झाकण लावलं. पहिल्या फटक्यात इंजिन लागलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तेव्हा काकूंनी त्याला रद्दी दिली आणि वर भाव कमी लावला म्हणून भांडल्याही. दोर कपडे वाळत घालायला लागला.

महिन्याभरानं मी गाडीचं तेल बघायला गेलो होतो. सर आत चहा सांगायला गेले आणि वही टीपॉयवर होती. उघडून बघितली. त्या तारखेखाली लिहिलं होतं: थांबा क्र. १, कुंभारीजवळ, सतरा मिनिटं. गाडीत दोष नाही. दोष चालकात.

खाली लाल शाईत, काकूंच्या अक्षरात शेरा होता: दुरुस्त झाला.